पडद्याच्या सुजेवरील इंजेक्शने : कोल्हापुरातील एका नेत्ररुग्णालयातले चौदा महिने

आमचे आबा गुळव्या आहेत. पन्हाळा तालुक्यातील आमच्या गावच्या गुऱ्हाळावर काहिलीतला पाक केव्हा उतरवायचा, हा निर्णय गेली ४१ वर्षे त्यांचा असतो. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला तयार होतो, हे मला पुस्तकात वाचून कळले. आबांना ते फेसाच्या बुडबुड्यांवरून, बदलत्या रंगावरून आणि थंड पाण्यात सोडलेल्या थेंबाची गोळी कशी वळते यावरून कळते. मागच्या वर्षीच्या हंगामाच्या शेवटी, मार्च महिन्यात, त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवले, "पोरी, पाक आलाय का न्हाई, ते मला डोळ्यानं कळंना झालंय." डाव्या डोळ्याने पाहिले की काहिलीची गोल कड एका ठिकाणी आत दबल्यासारखी दिसते आणि पिवळा रंग मळकट वाटतो, असे ते सांगत होते. त्यांना मधुमेह होऊन १६ वर्षे झाली आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही आणि त्यात सहा महिने गेले.

त्या सहा महिन्यांत आम्ही दोनदा चष्मा बदलला. त्यानंतर शेजारच्यांनी मोतीबिंदू असेल असे सांगितले, म्हणून दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करायची असे घरात ठरूनही गेले होते. सप्टेंबरमध्ये मी त्यांना कोल्हापुरातील एका खासगी नेत्ररुग्णालयात घेऊन गेले. तेथे पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या विकारांचे, स्वतंत्र डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस असतात. पुढचे चौदा महिने आणि दहा इंजेक्शने आम्ही तेथेच घेतली. हे परीक्षण त्या सेवेविषयी आहे. माझ्या काही तक्रारी असल्यामुळे रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही. शिवाय ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांना नावापेक्षा कोणत्या गोष्टी पाहून घ्याव्यात हे समजणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझे मत आधीच सांगते. इंजेक्शन देण्याचे काम या रुग्णालयात उत्तम होते. मात्र हा उपचार किती लांब चालतो हे रुग्णाला वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगण्यात रुग्णालय कमी पडले, आणि त्याची किंमत आबांच्या डोळ्याने मोजली.

पहिल्या दिवसाची तपासणी मला मनापासून आवडली. आधी देवनागरी अक्षरांच्या तक्त्यावर नजर मोजली. उजवा डोळा ६/९ आणि डावा ६/३६ होता. निरोगी डोळा जी ओळ ३६ मीटरवरून वाचतो, ती वाचायला आबांना ६ मीटरवर उभे राहावे लागत होते, असा त्याचा अर्थ आहे. मग बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले गेले आणि अर्ध्या तासाने ओसीटी स्कॅन झाला. या तपासणीत डोळ्याला काहीही टोचत नाहीत. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे पाहायचे असते आणि यंत्र प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा आडवा छेद काढते. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची चित्रे संगणकावर शेजारी शेजारी लावली. उजव्या डोळ्यात पीतबिंदूच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, जागी एक सुरेख खळगी दिसत होती. डाव्या डोळ्यात त्या खळगीच्या जागी उंचवटा होता आणि त्याच्या पोटात काळ्या पोकळ्या होत्या. "हे पाणी आहे," असे डॉक्टर म्हणाले. जाडी ५२४ मायक्रॉन भरली. निरोगी डोळ्यात त्या जागी ती ढोबळमानाने अडीचशे ते तीनशेच्या आसपास असते. मोतीबिंदू सुरू झालेला होता, परंतु नजर जाण्याचे खरे कारण तो नव्हता, आणि सूज असताना घाईने मोतीबिंदू काढला असता तर ती वाढण्याचीही शक्यता होती. आमचा दिवाळीनंतरचा बेत आठवून मला तेव्हा भीती वाटली.

आजाराचे स्वरूप डॉक्टरांनी आबांना त्यांच्या भाषेत समजावले. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्यातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होतात. काही वाहिन्या बंद पडतात आणि त्या भागाला प्राणवायू कमी पडू लागतो. असा उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचे एक प्रथिन जास्त प्रमाणात तयार करतो. या प्रथिनामुळे वाहिन्या अधिकच पाझरतात, पुढे नव्या कमकुवत वाहिन्याही उगवू लागतात, आणि पाझरलेले पाणी पीतबिंदूच्या थरांत साठते. पीतबिंदू हा पडद्याच्या मध्यावरचा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग आहे; पण वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे आणि पाकाचा रंग पाहणे ही सगळी कामे तोच करतो. इंजेक्शनमधले औषध त्या प्रथिनाला धरून निष्प्रभ करते, म्हणून पाझर कमी होतो आणि पाणी हळूहळू शोषले जाते. आबांनी विचारले, "म्हंजे पाटाची गळती बुजवायची आणि रानातलं पाणी जिरू द्यायचं?" डॉक्टरांनी होकार दिला आणि पुढे जोडले की बुजवलेली जागा काही आठवड्यांनी पुन्हा सुटते, कारण औषध डोळ्यातून हळूहळू निघून जाते, म्हणून निदान तीन इंजेक्शने महिन्याच्या अंतराने घ्यायची आणि मग स्कॅन पाहून पुढचे ठरवायचे.

"निदान तीन" हे डॉक्टरांचे शब्द होते. आम्ही खाली काउंटरवर आलो तेव्हा पावती करणाऱ्या ताईंनी आनंदाने सांगितले, "तीनचा कोर्स आहे, एकदम भरलेत तर सवलत बसते." आम्ही एकदम भरले. त्या 'कोर्स' या शब्दाविषयी मी पुढे लिहिणार आहे.

इंजेक्शनच्या नुसत्या कल्पनेनेच माणसाचे पाय गळतात, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते सविस्तर सांगते. आबांना एका स्वच्छ शस्त्रक्रियागृहात नेले. मला काचेपलीकडून पाहू दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. डोळा बधिर करण्याचे थेंब दोन-तीनदा घातले. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतला; ही पायरी सर्वांत महत्त्वाची असते, कारण संसर्ग टाळण्याचा मुख्य आधार तीच आहे. त्यानंतर चेहऱ्यावर निर्जंतुक कापड घातले आणि पापण्या उघड्या ठेवणारी लहान तारेची चिमट बसवली. बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर अंतर मोजून, पांढऱ्या भागातून, अतिशय बारीक सुईने ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडले गेले. एवढे औषध म्हणजे पाण्याचा जेमतेम एक थेंब असतो. सुई आत असण्याचा काळ काही सेकंदांचाच होता. आबा बाहेर येऊन म्हणाले की टोचल्याचे कळलेच नाही, थोडा दाब जाणवला आणि आयोडीनने मात्र संध्याकाळपर्यंत डोळा चुरचुरला. पहिल्या रात्री त्यांना नजरेत काळे गोल बुडबुडे तरंगताना दिसले. औषधाबरोबर गेलेल्या हवेमुळे असे होऊ शकते आणि एक-दोन दिवसांत ते जाते, हे सिस्टरनी आधीच सांगून ठेवले असल्याने घरात कोणी घाबरले नाही. दुसऱ्या वेळी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग आला. तोही दिसायला भयंकर असला तरी आठवड्याभरात आपोआप गेला.

घरी जाताना त्यांनी मराठीत छापलेला एक कागद दिला. डोळा चोळू नये, काही दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नये, धूर आणि धुळीपासून दूर राहावे, असे त्यात होते. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते की दुखणे वाढले, लाली वाढली, प्रकाश सोसेना किंवा नजर आणखी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता फोन करावा. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी, इतका दुर्मीळ असतो. पण तो झाला आणि उपचाराला एक-दोन दिवसांचा जरी उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो. कागदावरचा क्रमांक खरोखर चालतो का, हे मी चौथ्या इंजेक्शननंतर पाहिले. रात्री साडेदहाला आबांचा डोळा ठणकू लागला होता. दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला, दहा मिनिटांत डॉक्टर स्वतः बोलले आणि सकाळी सातला त्यांनी तपासणीला बोलावले. आयोडीनमुळे बुबुळाचा वरचा थर कोरडा पडून खरचटला होता, तेवढेच निघाले. या एका फोनसाठी मी या रुग्णालयाला पूर्ण गुण देते.

आता तक्रारींकडे येते. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आबा घरून उपाशी निघाले. शस्त्रक्रियागृहात जायचे म्हणजे काही खायचे नाही, असा त्यांचा समज होता आणि मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी नेमाने घेतली होती. एसटीने रंकाळा स्टँड, तिथून रिक्षा, मग केसपेपर, मग थेंब, मग रांग, असे करता करता साडेबारा वाजले आणि त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. साखर ५८ वर आली होती. सिस्टरनी धावत येऊन साखरपाणी दिले आणि पुढचे सगळे सावरले, पण हे घडायलाच नको होते. केवळ थेंबांनी डोळा बधिर करून दिल्या जाणाऱ्या या इंजेक्शनसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. ज्या विभागातले बहुसंख्य रुग्ण मधुमेहाचे आहेत, तेथे "नाश्ता करून या, नेहमीच्या गोळ्या घ्या" हे वाक्य तारीख देतानाच सांगितले गेले पाहिजे. मी लेखी तक्रार दिली. पुढच्या महिन्यात ते वाक्य प्रतीक्षागृहात मोठ्या अक्षरांत लावलेले होते. तक्रारीची अशी दखल घेतली गेली, हेही नोंदवते.

संमतिपत्र चार पानांचे आणि संपूर्ण इंग्रजीत होते. आबा सातवीपर्यंत शिकले आहेत आणि मराठी वर्तमानपत्र अक्षरन् अक्षर वाचतात. बाहुली मोठी करून नजर धूसर झालेल्या माणसापुढे परकीय भाषेतला कागद ठेवून सही घेणे ही संमती होत नाही. मी तो कागद मागून घेतला, बाकावर बसून त्यांना मराठीत सांगितला आणि मग त्यांनी सही केली. चौदा महिन्यांनंतरही तो कागद इंग्रजीतच आहे.

औषधाच्या निवडीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या उपचारात सर्वांत जास्त गोंधळ तेथेच होतो. पहिली तीन इंजेक्शने बेव्हॅसिझुमॅबची होती. हे औषध मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि पुढच्याच वर्षापासून नेत्रतज्ज्ञ ते डोळ्यासाठी वापरू लागले. कर्करोगासाठीच्या ४ मिलिलिटरच्या कुपीत १०० मिलिग्रॅम औषध असते आणि डोळ्याला लागते फक्त सव्वा मिलिग्रॅम. त्यामुळे एका कुपीतून अनेक रुग्णांची इंजेक्शने भरता येतात आणि म्हणूनच ते स्वस्त पडते. धोकाही त्याच ठिकाणी आहे; भरताना निर्जंतुकता सांभाळली गेली नाही तर एकाच कुपीतून अनेकांच्या डोळ्यांत जंतू जाऊ शकतात. आपल्या देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ च्या जानेवारीत डोळ्यासाठी या औषधाच्या वापराविरुद्ध सूचना काढली होती आणि काही आठवड्यांनी ती मागे घेतली होती. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधे मात्र डोळ्यात देण्यासाठीच बनवलेल्या स्वरूपात मिळतात. डोळ्यासाठी रॅनिबिझुमॅबला २००६ मध्ये, तर अफ्लिबरसेप्टला २०११ मध्ये अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली. भारतात २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचे देशी बनावटीचे औषधही मिळते आणि ते मूळ औषधापेक्षा स्वस्त आहे. स्वस्तातल्या आणि महागातल्या इंजेक्शनच्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो.

मग स्वस्त घ्यावे की महाग? हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचे उत्तर नजर किती गेली आहे यावर अवलंबून असते. मधुमेहाच्या सुजेवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. नजर थोडीच कमी झालेल्या रुग्णांत तिन्ही औषधांचा गुण सारखाच आला. ज्यांची नजर बरीच कमी होती त्यांच्यात पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. २०२२ मध्ये त्याच संशोधक गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. बेव्हॅसिझुमॅबपासून सुरुवात करून, गुण अपुरा वाटल्यास अफ्लिबरसेप्टवर गेलेल्या रुग्णांची दोन वर्षांनंतरची नजर, पहिल्यापासून अफ्लिबरसेप्ट घेतलेल्या रुग्णांइतकीच होती. मात्र स्वस्त औषधापासून सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना पुढे औषध बदलावे लागले. आमच्या डॉक्टरांनी हाच मार्ग निवडला होता आणि मला तो योग्य वाटतो. आबांची मिळकत हंगामी आहे. पहिल्याच दिवशी महागडे औषध पुढे करून त्यांना घाबरवले असते, तर ते कदाचित परत आलेच नसते. माझा आक्षेप एवढाच आहे की हा सगळा विचार मी तिसऱ्या भेटीत अडवून विचारला तेव्हा सांगितला गेला. तो पहिल्या दिवशीच सांगितला असता तर पाच मिनिटेही लागली नसती. कुपी कोठे उघडतात आणि सिरिंज कोठे भरतात, हेही मी विचारले होते. त्या वेळी सिस्टरनी सिरिंजवरची चिठ्ठी, बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख दाखवली. ही चिठ्ठी प्रत्येकाने पाहायला मागावी.

तीन इंजेक्शनांनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, जाडी ५२४ वरून ४३१ वर आली आणि नजर ६/२४ झाली. फरक होता, पण पुरेसा नव्हता, आणि डिसेंबरच्या शेवटी येऊन औषध बदलायचे असे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले. केसपेपर इंग्रजीत होता. आबांच्या डोक्यात काउंटरवरचा शब्द पक्का बसला होता. तीनचा कोर्स होता, तो पूर्ण झाला, नजर सुधारली, गुऱ्हाळ सुरू झाले. मी शाळेच्या सहामाही कामांत आणि सहलीत अडकले होते आणि ते फोनवर "झालं की आता" म्हणत होते, तेव्हा मीही खोलात गेले नाही. यात माझीही चूक आहे आणि ती मी लपवत नाही. पण रुग्णालयाकडूनही एक फोन आला नाही, एक संदेश आला नाही. जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात आबांनी स्वतः सांगितले की काहिलीची कड पुन्हा वाकडी दिसते. स्कॅनमध्ये जाडी ४९८ निघाली आणि नजर परत ६/३६ वर गेली होती. तीन महिन्यांची कमाई चार आठवड्यांच्या उशिराने जवळजवळ पुसली गेली.

त्या दिवशी मी व्यवस्थापकांना भेटून हेच सांगितले. 'कोर्स' हा शब्द टायफॉइडच्या गोळ्यांसाठी ठीक आहे, तो संपतो. या आजारात पहिल्या वर्षी सात, आठ, दहा इंजेक्शने लागणे ही सामान्य गोष्ट आहे, दुसऱ्या वर्षी ती कमी होतात, आणि साखर व रक्तदाब ताब्यात राहिले तर पुढे आणखी कमी होतात. हे सत्य पहिल्या दिवशी ऐकायला जड जाते, म्हणून ते टाळले जाते, आणि टाळल्यामुळे माणूस मध्येच थांबतो. व्यवस्थापकांनी वाद घातला नाही. फेब्रुवारीपासून आम्हाला प्रत्येक तारखेच्या तीन दिवस आधी मराठीत फोन येतो. सवलतीच्या पावतीवर आता 'पहिली तीन इंजेक्शने' असे लिहिलेले मी पाहिले आहे.

जानेवारीपासून मेपर्यंत दर महिन्याला एक, अशी अफ्लिबरसेप्टची पाच इंजेक्शने झाली. मेमध्ये जाडी ३१८ आणि नजर ६/१२ झाली. मग अंतर वाढवत न्यायचे ठरले. पुढचे इंजेक्शन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होते आणि तेव्हा पंचगंगा चढू लागली होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की आमच्याकडच्या माणसाला ४३ फुटांची धोका पातळी दूर वाटत नाही. रस्त्यावर पाणी आले की पन्हाळ्याकडची वाहतूक अडते आणि किती दिवस अडेल हे कोणी सांगू शकत नाही. मी फोन करून अडचण सांगितली, तेव्हा पलीकडच्या ताईंनी डॉक्टरांना विचारून तारीख चार दिवस अलीकडे घेतली. तारीख चुकण्यापेक्षा थोडी आधी येणे बरे, असे त्या म्हणाल्या. जानेवारीतल्या प्रसंगानंतर ही सेवा किती सुधारली, याचे माझ्याजवळचे सर्वांत चांगले उदाहरण हेच आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र अजून सुधारणा नाही. सकाळी नऊचा नंबर असला तरी बाहेर पडायला दोन-अडीच वाजतात. बाहुली मोठी झाल्यामुळे चार-पाच तास धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही, त्यामुळे रुग्णाने एकट्याने येऊ नये आणि स्वतः गाडी चालवत तर मुळीच येऊ नये. रुंद कडांची टोपी किंवा काळा चष्मा बरोबर ठेवावा. प्रतीक्षागृहात बसायला जागा पुरेशी आहे, पाणी स्वच्छ आहे, स्वच्छतागृहही स्वच्छ आहे.

खर्चाविषयी एक गोष्ट माहीत असावी. माझ्या नोकरीच्या मेडिक्लेममध्ये आईवडिलांचा समावेश आहे, तरीही विमा कंपनीने पहिला दावा नाकारला. २४ तास दाखल नव्हते, हे कारण दिले होते. विमा नियामकाने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आधुनिक उपचारांची एक यादी प्रसिद्ध केली असून ते उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे त्यात म्हटले आहे, आणि डोळ्यातील ही इंजेक्शने त्या यादीत नावानिशी आहेत. कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा मात्र घालू शकतात. मी त्या परिपत्रकाचा उल्लेख करून पत्र पाठवले, तेव्हा मर्यादेपुरती रक्कम मिळाली. रुग्णालयाच्या विमा विभागातील मुलाने त्यासाठी लागणारे डॉक्टरांचे पत्र, स्कॅनच्या प्रती आणि औषधाच्या खोक्यावरची चिठ्ठी न मागता जोडून दिली. ज्या दिवशी इंजेक्शन असेल त्याच दिवशी हे सगळे कागद मागून घ्यावेत. नंतर ते गोळा करताना फार हेलपाटे होतात.

साखरेविषयी डॉक्टर कडक आहेत, आणि मला ते आवडते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी त्यांनी दर भेटीला नाही तरी दर तीन महिन्यांनी मागितली. सुरुवातीला ती ९.८ होती, आता ७.४ आहे. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही त्यांनी करून घेतल्या, आणि हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका नुकताच येऊन गेला आहे का, हे प्रत्येक वेळी विचारले. गुऱ्हाळावर काम करणाऱ्या माणसाने काकवी चाखायची नाही हे सांगणे सोपे नसते. आबा आता थेंब पाण्यात वळवून पाहतात आणि चाखायला पुतण्याच्या हातावर देतात.

सप्टेंबरच्या स्कॅनमध्ये जाडी २८६ आली. नजर ६/१२ वरच थांबली आहे. ती पहिल्यासारखी होणार नाही, कारण सूज बराच काळ राहिल्याने आतील काही पेशी कायमच्या गेल्या आहेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पहिले सहा महिने चष्म्याच्या दुकानात गेले नसते आणि डिसेंबरची तारीख चुकली नसती, तर नजर कदाचित आणखी सुधारली असती. तो विचार मला अजून सतावतो. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, नीट दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, असे मी भेटेल त्याला सांगते.

रुग्णालयाने घरी लावायला चौकटींचा एक तक्ता दिला आहे. मध्ये एक ठिपका आणि भोवती आडव्या-उभ्या रेषा असतात. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे आणि रेषा वाकडी दिसली तर फोन करायचा. तो तक्ता आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला आहे. पुढचे इंजेक्शन दहा आठवड्यांच्या अंतराने, नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी आहे. गुऱ्हाळ त्याआधीच सुरू झालेले असेल, म्हणून आबांनी मालकांना सांगून त्या दिवसापुरता आणि त्यानंतरच्या चार दिवसांपुरता शेजारच्या वाडीतला गुळव्या आत्ताच ठरवून ठेवला आहे.